सॅन्टनचे रोहू

१९५५ च्या जानेवारीत सॅन्टन वसईभर एकच तुणतुणं वाजवत होता: लेकीच्या लग्नाच्या पंगतीला आपल्या बावखलातले रोहू वाढणार. वाडीच्या शिंपणासाठी खणलेल्या त्या गोड्या तळ्यात मासे पाळणारा गावात तो पहिलाच, त्यामुळे तोंड काही आवरेना. आणि नेमके माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले.

मत्स्यखात्याचे दिवाकरराव आले. नव्यानेच निघालेलं पिवळं औषध त्यांनी भाताच्या कोंड्यातून दहा दिवस द्यायला सांगितलं.

"औषध थांबवल्यावर एकवीस दिवस मासा खायचा नाही," ते म्हणाले. "तोवर ते त्याच्या अंगातून निघून जातं. पण थंडी पडली तर मासा सुस्तावतो, औषध रेंगाळतं. मग आणखी दहा दिवस धरा."

मासे बरे झाले. एकवीस दिवस लग्नाच्या तीन दिवस आधी संपत होते. पण मधेच कडाक्याची थंडी पडली. रोहू तळाला जाऊन बसले, कोंड्याला तोंड लावीनात. म्हणजे आणखी दहा दिवस धरणं आलं. लग्न पुढे ढकलावं, तर ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तोंडावर आलेला, आणि उपवासकाळात देवळात लग्न लागत नाही.

"दादा, मासे कसे तुकतुकीत दिसतात," बहीण सालोमी म्हणाली. "कुनाला कळनार हाय? रोहू नाय वाढले तर सासरचे अँजेलिनाला जन्मभर टोचून खातील."

"मला कळंल," सॅन्टन म्हणाला, आणि जाळं माळ्यावर टाकून आला.

लग्नाच्या मांडवात डुकराचं मटण वाढलं. व्याही इग्नेशियस मोठ्याने म्हणाला, "सॅन्टनभाऊ, रोहू पोहत कुठं गेले?"

पंगत खो-खो हसली. नवरीच्या वेषातल्या अँजेलिनाने मान खाली घातली. ते बघून बापाचा जीव तुटला, पण तो उभा राहिला तो ताठ.

"बावखलातच हायेत. आजारी होते, औषध दिलं. ते अंगातनं जायला अजून सात दिवस हायेत. बढाई मी मारली, चूक माझीच. पन लेकीच्या लग्नात कुनाच्या पोटात औषध घालनार नाय."

इग्नेशियसने हातातला घास ताटात ठेवला.

"उपवासकाळाच्या दुसऱ्या शुक्रवारी आमी घरचे सगळे तुमच्याकडं जेवायला येनार," तो म्हणाला. "शुक्रवारी मटन चालत नाय, रोहू चालतो." मग सुनेकडे वळून म्हणाला, "मान वर कर, पोरी."

अँजेलिनाने ती केव्हाच वर केली होती. भर मांडवात ती बापाकडे बघत होती, आणि तिला त्याचा एवढा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.