रिंगखात्यातले बदलीवाले

"हे तुमच्यातलं कुणीही मानणार नाही, लावा पैज," गॅलरीतल्या खुर्चीत बूड टेकवता टेकवता सीतारामतात्यांनी जाहीर केलं, "पण मी क्षयाच्या जंतूच्या पोटात डोकावून आलोय. जेवणाचा डबा बरोबर होता."

"मास्क वर करा आधी, भावजी," आतून सम्यकची आजी, कमलाबाई म्हणाल्या. "जंतूच्या पोटात पण हनुवटीलाच बांधून गेला होतात काय?"

सम्यक हसला नाही. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून तो मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. प्रितीचं लक्ष त्याच्यावरच होतं. साध्या औषधांना दाद न देणारा क्षय झाला होता त्याला. नव्या गोळीने ताप गेला, खोकला गेला, आणि आज सकाळी या धाकट्या भावाने तोंडावर सांगून टाकलं, "बरा झालोय मी. पोटात ढवळतं त्या गोळीने. नाही घेणार, बास." आजी रडली, प्रिती ओरडली. काही उपयोग झाला नाही. गोळी अर्ध्यात सोडली की दुखणं परत येतं, आणि मग त्याला ही गोळीही पुरत नाही. परळच्या प्रयोगशाळेत ती याच विषयावर काम करत होती. पण घरात तिचं शिक्षण चालत नव्हतं.

भांडण भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. तात्या शेजारीच राहायचे.

तिचं काम तिने एकदा त्यांना समजावायचा प्रयत्न केला होता. जंतूच्या कातडीत एक चाक असतं, आम्ही त्याला रिंग म्हणतो, एवढं म्हणायचा अवकाश, तात्या खुर्चीतून उठलेच. "रिंग? अगं, म्हणजे आमचं रिंगखातं!" अर्धा जन्म त्यांनी लालबागच्या गिरणीत, सूत काढणाऱ्या रिंगखात्यात घालवला होता. ही रिंग वेगळी, हे प्रितीने परोपरीने सांगून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला.

"गिरणी बंद पडल्यावर तिथेच वॉचमन होतो मी," तात्या सांगत होते. "एकदा भर दुपारी ताप भरला. रिंगखात्यात आडवा झालो, कान फरशीला. वीज तोडलेली, मशिनी भंगारात गेलेल्या. आणि खालून घरघर."

"उंदीर," कमलाबाई म्हणाल्या.

"उंदीर तीन पाळ्यांत काम करतात काय, वहिनी? वाकून बघतो तर फरशी काचेसारखी. खाली जंतूची भिंत आणि भिंतीबाहेर बदलीवाले. सकाळी गेटवर उभे राहायचे ना, आज काम मिळेल का म्हणून, तसे. हजारो. सगळे एकसारखे, कुणालाच चेहरा नाही. एकमेकांवर रेलून आत घुसायला बघतायत, आणि तोंडातून शब्द नाही."

प्रोटॉन, प्रिती मनात म्हणाली. बाहेर गर्दी, आत मोकळं, आणि सगळी ताकद त्या रेटण्यात.

"गेट एका माणसापुरतं. आत शिरलं की समोर चाक, चाकाला नऊ पाट. एक बसला की चाक एक घर सरकतं, मागचा बसतो. जवळजवळ अख्खी चक्कर मारून पलीकडच्या फटीतून आत उतरायचं, आणि नाहीसं व्हायचं. एकसुद्धा मागे वळून बघत नाही. चाकाला दांडा. दांड्याचं टोक सहा पाकळ्यांच्या मुंडक्यात. तो आत फिरला की पाकळ्या दबतात आणि ताकदीचे दाणे गळतात. त्या दाण्यांवर जंतू जगतो."

"मुंडकं पण फिरेल मग," मोबाइलवरची नजर न हलवता सम्यक म्हणाला.

प्रितीने चटकन त्याच्याकडे पाहिलं.

"बाहेरून टेकू दिलाय ना. नाहीतर सगळंच गरगरलं असतं, दाणा कुठला पडतोय."

"आणि हे सगळं जोडतं कोण?" सम्यकने विचारलं.

"तेच तर!" तात्यांचा आवाज खाली आला. "फिटर नाही, कामाला लावणारा जॉबर नाही. पाट आपणहून येतात आणि गोल करून उभे राहतात. मुंडकं भलतीकडेच तयार होतं, दांड्यावर येऊन बसतं. गेट शेवटी. आधीच उघडलं तर बाहेरची गर्दी फुकट आत शिरेल, दाणा एक नाही. घर बसलंच म्हणून समज. एवढी अक्कल त्या सुट्या भागांना कुणी दिली, विचारू नकोस. मला भोवळ आली तिथे."

"मग?"

"मग भोंगा झाला. बंद गिरणीचा. जंतू झोपला. माझा ताप गेला, खोकला गेला. म्हटलं, सुटलो. पुन्हा कान लावतो तर..." तात्यांनी बोट फरशीकडे धरलं. "घर्र. अगदी हळू. एक बदलीवाला आला. बऱ्याच वेळाने दुसरा. झोपला होता रे तो, मेला नव्हता. चाक फिरतंय तोवर तो कधीही उठणार."

गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरकडून कसलासा पंप घरघरत होता. तो आवाज रोजचाच, पण कमलाबाई उंबऱ्यात येऊन थांबल्या. सम्यकचा हात शर्टाच्या गुंड्यांवर, गळ्याखाली कुठेतरी गेला होता आणि तिथेच राहिला होता.

"मग डॉक्टरने दिली ना ही नवी गोळी," तात्या म्हणाले. "ती सरळ जाते आणि पाटावर बसून घेते. बदलीवाला येतो, बघतो तर जागा भरलेली. चाक अडतं. दाणे बंद. आणि ते सगळे बाहेर उभे, गेटकडे बघत. मी सोडली नाही हो. रोज एक, रोज एक, उपाशीपोटी पाण्याबरोबर..."

"खोटं!" सम्यकने मोबाइल बाजूला आपटला. "साफ थाप आहे, तात्या! तुमची गिरणी बंद पडली तेव्हा ही गोळी कुठे होती? आणि रोज नसते ती. पहिले दोन आठवडे रोज, मग सोम, बुध, शुक्र. उपाशीपोटी तर नाहीच, भरल्या पोटी घ्यायची. आज बुधवार. आजी, वाढ मला."