बिनपगारी बाई

जुनेरा केपटाऊनहून आली ती दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. रेवदंड्याला एस.टी.तून उतरली, रिक्षा केली आणि खाडीवरचा पूल ओलांडून आपल्या आजोबांच्या गावात शिरली. आजोबा नऊ वर्षांचे असताना बापाबरोबर आगबोटीने आफ्रिकेला गेले होते, ते पुन्हा कधी परतले नाहीत. त्यांचा थोरला भाऊ आईजवळ गावातच राहिला. त्या थोरल्याचा मुलगा नजमुद्दीन आता वाडी सांभाळत होता, आणि जुनेरा उतरणार होती ती या नजमुद्दीन चाचाच्या घरी.

तिचं वय एकतीस. तिकडे एका शाळेत आठ वर्षं इंग्रजी शिकवत होती. आजोबा गेल्यावर तिच्या मनाने घेतलं की सहा महिने रजा काढायची आणि त्यांच्या गावातल्या मुलींना शिकवायचं. पगार नको, काही नको.

नसीबा चाचीने दारातच तिला मिठीत घेतलं. जुनेरा म्हणाली, "मना पानी दे गो चाची, लय तान लागलीया." आजोबांकडून शिकलेली तेवढीच बोली तिला येत होती. ते ऐकून चाचीची मुलगी इनशा पोट धरून हसली.

"आपा, असं आता कोण बोलत न्हाय. आमची दादी बोलायची, ती जाऊन बारा वर्षं झाली!"

चाची मात्र हसली नाही. तिने डोळ्यांना पदर लावला. "सासूच बोलल्यासारखं वाटलं," ती म्हणाली.

गावच्या हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि ती जागा कोणी भरली नव्हती. हेडमास्तर चांगदेव सरांनी जुनेराला खुर्ची दिली, चहा मागवला. "मॅडम, तुम्ही अगदी देवासारख्या आलात," ते म्हणाले. तिने आपणहून सांगितलं की तिचा व्हिसा पर्यटकाचा आहे, सहा महिन्यांचा. सर हसले. "अहो, पगार देत नाही तर नोकरी कसली? तुम्ही आमच्या पाहुण्या. पाहुण्यांनी मुलांशी दोन शब्द बोललेले कुठल्या कायद्याला खटकतात?"

दुसऱ्या दिवसापासून पाहुणीला आठवीपासून दहावीपर्यंत रोज पाच तास लागले.

दिवस भराभर जाऊ लागले. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं कालवण खायचं, वाडीतल्या पाणंदीने शाळेत जायचं. वाटेत सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात भरायचा. पहिला आठवडा तिने नाकाला रुमाल लावला, मग तो विसरली. दुपारी घरी आली की इनशा वही घेऊन तयार असायची. इनशा बारावी झालेली, घरी बसलेली, हुशार. तिला कुठल्यातरी ऑफिसात काम करायचं होतं. न्हावा शेव्याच्या बंदरात गावातली दोन पोरं कामाला होती, तिथे इंग्रजीत पत्रं लिहिणारी माणसं लागतात असं तिने ऐकलं होतं. एक शब्द अडला तर ती तो पाच वेळा लिहायची आणि सहाव्यांदा जुनेराला विचारायची.

रविवारी जुनेरा हिंडायची. कधी एस.टी.ने अलिबागला, कधी मुरुडला. हातात फोन, दिसेल त्याचे फोटो. ते ती केपटाऊनला अब्बांना पाठवायची. अब्बांनी उभ्या जन्मात या गावाचं नाव काढलं नव्हतं. आता मात्र ते रोज विचारू लागले. विहीर कुठल्या बाजूला आहे? वाडी रस्त्याला भिडते का? कुंपण कुठपर्यंत जातं? त्याचेही फोटो पाठव. म्हातारपणी माणसाला आपली माती आठवते, असं जुनेराला वाटलं. एका सकाळी ती कुंपणाच्या कडेने पूर्ण वाडीभर चालली आणि चालता चालता तिने अब्बांसाठी सगळं टिपलं. इनशा पुढे पुढे धावत होती. विहिरीच्या काठावर उभी राहून तिने मोठ्याने हसत हात हलवला, तोही फोटो गेला.

गावाला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. मासे विकायला येणाऱ्या गोदूबाईने एकदा टोपली उतरवता उतरवता सरळ विचारलंच, "पगार किती गो तुला?"

"पगार नाही, मावशी."

"न्हाय? आनि नवरा?"

"तोही नाही."

"मंग विमानाचं भाडं भरून आलीस कशाला?" गोदूबाईने चाचीकडे बघितलं. चाची पापलेटाचे कल्ले उघडून बघत राहिली.

जानेवारीत चाची जुनेराला आणि इनशाला घेऊन दिवेआगरला नणंदेकडे गेली. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरायचं आणि पुढे रिक्षा. फेरीबोटीत तिघींनी चिक्की खाल्ली, वाऱ्यात ओढण्या सावरता सावरता दमल्या. दिवेआगरला फुफीची, म्हणजे इनशाच्या आत्याची, वाडी होती. चक्रीवादळात तिच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या. नव्या लावलेल्या आत्ता कुठे कमरेएवढ्या झालेल्या. फुफीने जुनेराला एकेक रोप दाखवलं. मग ओटीवर बसवून चहा दिला आणि तो तिच्या हातात असतानाच विचारलं,

"आज्याचा हिस्सा बघाया आलीस, व्हय?"

जुनेराला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचे कान तापले. "फुफी, अल्लाची कसम, मी शिकवायला आले. मला एक झाडसुद्धा नको."

"सगळी असंच म्हनत्यात," फुफी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जुनेराला जास्त लागलं. "आमी एकेक रोप पानी घालून जगवलंय, पोरी. तुमी तिकडं बसून फकस्त नाव लावायचं."

परतीच्या फेरीबोटीत चाची पाठ करून कठड्याशी उभी राहिली. नणंदेच्या तोंडून तिने आपला प्रश्न विचारून घेतला होता, हे तेव्हा जुनेराच्या लक्षात आलं. तरी तिने मनाची समजूत घातली. दहावीचा निकाल चांगला लागला की सगळ्यांना पटेल, मी खरी आहे.

निकालाच्या कितीतरी आधी, फेब्रुवारीच्या मध्यात, पोस्टमनने एक रजिस्टर पत्र आणलं. अलिबागच्या कुणा वकिलाचं. नजमुद्दीन चाचाने सही करून घेतलं, उघडलं, उलटसुलट बघितलं आणि पडवीत वह्या तपासत बसलेल्या जुनेरापुढे धरलं.

"इंग्रजी हाय. तू वाच. बाई हायेस ना तू?"

जुनेराने वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत तिच्या बापाचं नाव होतं. तिचा आवाज थांबला. "वाच," चाचा म्हणाला. तिने वाचलं. आमचे अशील यांच्या वडिलांचा वडिलोपार्जित वाडी, विहीर व घर यांत निम्मा हिस्सा असून तो त्यांना आजवर दिला गेलेला नाही. तीस दिवसांत वाटणी करून द्यावी, अन्यथा दावा दाखल करण्यात येईल. प्रत्येक वाक्य ती आधी इंग्रजीत वाचत होती आणि मग चाचाला मराठीत समजावून सांगत होती, वर्गात सांगावं तसं. दुसरं काय करावं हे तिला सुचलंच नाही.

पत्राला जागेचे फोटो जोडले होते. कुंपण, रस्त्याची बाजू, मागची भिंत. सहावा फोटो विहिरीचा होता आणि त्यात इनशा हात हलवत हसत होती.

चाचाने तो फोटो बराच वेळ बघितला. मग कागद घडी करून खिशात घातले. "जेवून घे," एवढंच म्हणून तो वाडीत निघून गेला.

जुनेराने अब्बांना फोन लावला. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?" अब्बा शांतपणे म्हणाले. "तुझ्या आजोबांना एक चिठीसुद्धा पाठवली नाही त्या लोकांनी. हक्क आहे आपला. तू रडारड करू नकोस. सातबाऱ्याचा उतारा तेवढा मिळतो का बघ."

तिने फोन कापला.

त्यानंतर घरात कोणी तिला वाकडं बोललं नाही. ताट वेळेवर वाढलं जाई. फक्त आता ती एकटीच जेवायची. दुसरीकडे राहायला जाते, असं तिने एकदा म्हटलं तेव्हा चाची म्हणाली, "गावात आमचं तोंड काळं करू नको. घरचा मानूस हायस." इनशा मात्र रोज दुपारी वही घेऊन येत राहिली. तेवढ्या एका तासावर जुनेरा दिवस काढत होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला पोलिस ठाण्यात बोलावणं आलं. साहेब बोलायला सभ्य होते. तिच्याविरुद्ध इंग्रजीत अर्ज आला होता: पर्यटक म्हणून आलेली परदेशी बाई चार महिने शाळेत शिकवते, नियमाप्रमाणे चौकशी व्हावी. "तक्रार आली की आम्हाला बघावं लागतं, मॅडम," ते म्हणाले आणि कागदांवरून नजर फिरवू लागले.

टेबलावरचा अर्ज तिला उलटा दिसत होता. अक्षर बघायला तो सुलट करायची गरज नव्हती. आठच दिवसांपूर्वी इनशाने सरावासाठी लिहिलेला पत्राचा मसुदा तिने तपासून दिला होता. गावात नळाला पाणी येत नाही, अशी तक्रार होती ती. तिने त्यातली क्रियापदं सुधारली होती, शेवटची ओळ अधिक नम्र करून दिली होती. तीच ओळ इथे खाली होती. पाण्याच्या जागी ती स्वतः होती. सही नजमुद्दीन चाचाची होती.

चांगदेव सरांचा जबाब आधीच घेतला होता. साहेबांनी तो वाचून दाखवला. सदर महिला अधूनमधून शाळा पाहण्यासाठी येत असत, त्यांना शाळेने कोणतेही काम दिलेले नव्हते.

सात दिवसांत देश सोडायचा हुकूम घेऊन ती घरी आली. इनशा मागच्या दारी कैऱ्या चिरत होती.

"तू लिहिलंस?"

इनशाने सुरी खाली ठेवली नाही. "लिहिलं. अब्बांना इंग्रजी कुठं येतं?"

"मला काहीच माहीत नव्हतं, इनशा. त्या नोटिशीचं. खरंच."

"म्हायतीय मला. अब्बांनापन म्हायतीय." तिने आणखी एक कैरी पुढे ओढली. "पन वाडी तर जातेच हाय ना, आपा? तुला म्हाईत असू दे नायतर नसू दे. माझा फोटो लावलाय त्या कागदाला. माझ्याच विहिरीवर मी हसतेय, आनि त्यो पुरावा."

जुनेरा उंबऱ्यावर बसली. कैऱ्यांच्या फोडींवर माशा बसत होत्या.

"मला वाटलं नुसतं शाळेतनं काढतील," इनशा हळूच म्हणाली. "तुला घालवतील असं न्हवतं वाटलं." मग तिने मान वर न करता विचारलं, "चुका किती होत्या?"

"एकही नव्हती," जुनेरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दहावीच्या मुलींच्या वह्या घेऊन शाळेत गेली. त्यांची परीक्षा चालू होती, इंग्रजीचा पेपर दोन दिवसांवर होता. चाळीस निबंध तिने चार दिवस खपून तपासले होते, प्रत्येकीला कुठे चुकतेस ते लिहिलं होतं. फाटकावर शिपाई भिकू उभा होता. त्याने फाटक उघडलं नाही.

"सर म्हनले, आत सोडू नको."

"मी येत नाही आत. एवढ्या वह्या मुलींना द्या."

भिकूने वह्यांकडे बघितलं, मग व्हरांड्याकडे. "त्यात तुमचं अक्षर हाय ना, बाई. सर म्हनले, तुमच्या हातचा कागद शाळेत नको." तो भला माणूस होता, त्याची मान खाली गेली. "राग धरू नका."

तिने वह्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर रचून ठेवल्या, उडू नयेत म्हणून वर एक दगड ठेवला आणि ती परतली. त्या मुलींपर्यंत पोचल्या की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

निघायच्या दिवशी चाचा वाडीतून घरी आलाच नाही. चाचीने तिची बॅग स्वतः रिक्षात ठेवली. जुनेरा सलाम करायला वाकली तेव्हा चाचीने तिला धरून उभं केलं, क्षणभर जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाली, "बापाला सांग, कोर्टात भेटू."

केपटाऊनच्या विमानतळावर अब्बा न्यायला आले होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, वाडी रस्त्यापासून किती पावलं आत जाते. जुनेराने खिडकीची काच खाली केली आणि घर येईपर्यंत तोंड बाहेर ठेवलं. पुढे जागा प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र हवं म्हणून त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवले. तिने सही केली नाही. बाप-लेकीत दोन महिने बोलणं नव्हतं. दावा तरीही दाखल झाला. पहिली तारीख पडली, मग दुसरी, मग वकील आजारी म्हणून तिसरी.

जूनमध्ये तिच्या फोनवर चांगदेव सरांचा निरोप आला. दहावीचा निकाल लागला होता, इंग्रजीत अकरा मुली नापास होत्या. खाली लिहिलं होतं: "मॅडम, जागा अजून रिकामीच आहे. तुमच्या तिकडे कोणी सेवाभावी व्यक्ती असल्यास कृपया कळवावे. राहायची सोय गावात घरगुती होईल."

जुनेरा तेव्हा शिक्षकांच्या खोलीत होती. तिने निरोप दोनदा वाचला. घंटा झाली तशी तिने फोन पर्समध्ये टाकला, खडू उचलला आणि ती वर्गावर गेली.