आधी बूट

आमच्या विश्रांतवाडीच्या शाळेत कॉम्प्युटर रूममध्ये बूट घालून जायचं नाही, ते दाराच्या आतल्या बाजूला काढून ठेवायचे. धुळीने मशीन बिघडतात म्हणे. मुलांच्या फुप्फुसांत आळंदी रोडची धूळ गेलेली मात्र चालते.

त्यामुळे आपत्ती व्यवस्थापनाच्या पहिल्या मॉक ड्रिलला भोंगा वाजला, तशी नववीची मुलं त्या खोलीतून नुसत्या मोज्यांवर पळत मैदानात आली. ड्रिल माझ्याकडे होतं, मी खूश होते. पण पालकसभेत शुभंकरची आई, अपूर्वाताई, उभी राहिली.

"शकीला मॅडम, आग लागलेली नसताना मुलांना चिखलात पळवून आपण काय मिळवलंत? पांढरे मोजे आहेत. धुणार कोण, आपण?"

टाळ्या पडल्या. टाळ्या! मी विचारलं, "आणि खरी आग लागली तर?"

"लागेल तेव्हा बघू," आमचे मुख्याध्यापक रावसाहेब म्हणाले आणि नियम करून मोकळे झाले: आधी बूट, मग नाड्या, मग रांग. पुढच्या ड्रिलला मुलांनी दारात बसून अगदी छान नाड्या बांधल्या. शिस्तीचं कौतुक झालं, फोटो फलकावर लागला. फोटोत सगळ्यात पुढे वर्गाचा मॉनिटर शुभंकर. तो फोटो दिसला की माझं डोकं फिरायचं.

परवा माझ्याच तासाला त्या खोलीतली इन्व्हर्टरची बॅटरी फुटली. पडदे पेटले. छताला लावलेलं थर्माकोल वितळून जळत जळत खाली गळायला लागलं.

"पळा!" मी ओरडले. मुलं त्या एकुलत्या एका दाराकडे धावली, आणि उंबऱ्यात शुभंकर आडवा उभा राहिला.

"आधी बूट! रांग मोडू नका!"

आणि मुलांनी ऐकलं. पुढची मुलं दारातच खाली बसून बूट शोधायला लागली, मागची त्यांच्या अंगावर कोसळली. माझ्यामागे कुणीतरी धुराने ओकत होतं.

मी आजवर एकाही मुलावर हात उचललेला नाही. त्या दिवशी सगळी कसर भरून काढली. सृष्टीला वेणीला धरून फरफटत बाहेर काढलं. प्रज्ञेशच्या पेकाटात लाथ घातली. जो वाकेल त्याला तुडवला, जो रडेल त्याला ढकलला. शिव्याही दिल्या, माझ्या अब्बांनी ऐकल्या असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं अशा.

सगळे गेले, शुभंकर उरला. एका पायात बूट, दुसरा सापडत नव्हता. जळतं थर्माकोल बुटांच्या ढिगावर पडून तो पेटला होता, आणि हा त्यातच पाय रोवून शोधत होता.

"मॅडम, एकच राहिलाय!"

मी त्याच्या तोंडात मारली. ओठ फाटला. त्याने चौकट धरून ठेवली, तेव्हा मी त्याचा हात पिरगाळला. कट्कन आवाज झाला. तसाच उचलून त्याला बाहेर फेकला.

शाळेसमोरच राहणारी अपूर्वाताई धूर बघून मैदानात धावत आली. मुलाचा फुटलेला ओठ, लोंबणारा हात तिने पाहिला.

"कोणी मारलं याला?"

"मी," मी म्हटलं.

तिने माझ्या कानशिलात भडकावली. रावसाहेब शेजारीच उभे होते, त्यांनी नजर फिरवली. मला राग आला नाही, नुसतं रडू आलं. पोरगा जिवंत होता.

शुभंकरने बिनबुटाचा पाय दुसऱ्या पायामागे लपवला. "आई, एकच घालता आला गं," तो हुंदके देत म्हणाला. "मोजा काळा झाला. सॉरी."

तिचा चेहरा पार उतरला. ती चटकन खाली बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला. "असू दे रे राजा, असू दे. आत्ता काढते."

"हात लावू नका!" मी किंचाळले.

पण तिने मोजा ओढला होता, आणि त्याच्याबरोबर टाचेची कातडी सोलून तिच्या हातात आली.