उतारावरचा पलंग

ज्या सुताराने हे शेतघर उभारलं त्याने ओकचं लाकूड ओलंच वापरलं आणि यथावकाश तो मरून गेला. लाकूड मात्र पुढची चारशे वर्षं सवडीने वाळत राहिलं. खांब कलले, तुळया पिळवटल्या, माडीवरची निजायची खोली ओढ्याकडे उतरली. पण खुंट्यांनी सांधलेला तो सांगाडा पडायचं नाव घेत नव्हता. खोलीत वाटाणा सांडला, तर तो बेरिलच्या बाजूने निघून क्लिफर्डच्या चपलेत जाऊन बसे.

बेरिलचंही तेच होई. भांडून, पाठ फिरवून, मध्ये उशी रचून झोपलं तरी सकाळी ती नवऱ्याच्या कुशीत असे. त्यात तिचा काही दोष नव्हता. चूक सुताराची.

क्लिफर्डच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी जिलियन नॉर्विचहून आली. तिने पलंगाच्या उताराकडच्या दोन्ही पायांखाली ठोकळे लावले आणि जुन्या फळ्यांवर नवी, सपाट जमीन घालायला पुढच्या सोमवारी सुतार बोलावला.

"तुळयांना सोसणार नाही," बेरिल म्हणाली.

"काय?"

"ओक हळवा असतो गं."

"आई, बाबा पडले तर ओक येणार आहे का उचलायला? खरं काय ते सांग."

बेरिलने तिला आणखी केक वाढला.

त्या आठवड्यात दोघं गावच्या चर्चमधल्या थडग्यावर कोरलेल्या दगडी सरदार-सरदारणीसारखी झोपली. हात छातीवर, मध्ये सभ्य अंतर.

"झोप लागली?" क्लिफर्ड सकाळी विचारी.

"छान. तुला?"

"उत्तम."

दोघांचेही डोळे सुजलेले असत.

शनिवारी दुपारी जिलियन कोंबड्यांकडे गेली तशी बेरिल जिना चढली. बघते तर क्लिफर्ड पलंगाशी जमिनीवर, मांडीवर एक ठोकळा.

"पडलास?"

"बसलोय. आता उठता येत नाही, ते वेगळं."

"काय करत होतास?"

"चपला शोधत होतो."

"पायात आहेत."

क्लिफर्डने पायांकडे पाहिलं. "आणि तू कशाला आलीस?"

"तुझ्या चपला शोधायला," बेरिल म्हणाली.

तेवढ्यात जिलियन धावत वर आली. "पडले ना? सांगत होते मी! म्हणून हवी सपाट जमीन!"

आता गप्प बसलं तर सोमवारी सुतार येणार होता. बेरिलने एप्रन सारखा केला.

"पडला नाही तो. ठोकळा काढत होता. दुसरा काढायला मी आले होते. सपाट पलंगावर तो मला फार लांब पडतो, जिलियन."

जिलियन कानांपर्यंत लाल झाली. "हवा बरी आहे आज," ती खिडकीकडे बघत म्हणाली. मग गुडघ्यांवर बसून तिने दुसरा ठोकळा ओढून काढला. पलंग कुरकुरत आपल्या जागी आला. मायलेकींनी धरून क्लिफर्डला त्यावर बसवलं, शेजारी बेरिल टेकली आणि हळूच त्याच्याकडे सरकली.

"सुताराला जमिनीऐवजी भिंतीवर धरायला दांडा बसवायला सांगते," जिलियन म्हणाली. "चहा टाकते मी."

जाताना तिने दार अलगद ओढून घेतलं. त्या घरातल्या सगळ्या दारांसारखं ते पुन्हा आपोआप उघडलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.