तिघांना मिळून मी एक

"मॅडम, मांडीच्या सांध्यात खाज सुटली तर पोरींनी कुणाला सांगायचं?"

शाळेत कातडीचे आजार तपासायला आलेल्या डॉक्टर मॅडमना नववीतल्या अनुजानं हा प्रश्न विचारला. "विचार की! कुस्ती खेळतीस न्हवं? मग आताच का ततपप?" असं म्हणून तिच्या मैत्रिणीनं, अवंतिकानं, तिला डिवचलं होतं. सगळा वर्ग खिदळला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. मीही नाही. मी अनुजाच्या पिशवीत होतो, मित्रांनो, आणि रागानं नुसता पेटलो होतो.

मी एक जुना टॉवेल आहे. कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात जन्मलो. पांढराशुभ्र, काठाला निळी पट्टी. गडमुडशिंगीच्या हंबीरराव पैलवानांच्या घरी आलो तेव्हा अनुजाच्या या पप्पांनी मला गालाला लावलं आणि म्हणाले, "काय मऊ हाय गं! लोण्यागत!" तेच माझं पहिलं आणि शेवटचं कौतुक.

त्या दिवसापासून घरातल्या तिघांना मिळून मी एक. सकाळी हंबीरराव अंग पुसणार, मग आई, मग अनुजा मला तालमीच्या पिशवीत कोंबणार. परत आल्यावर मी ओलाच न्हाणीच्या दाराआड, खिळ्याला. ऊन होतं की, अंगणात, दहा पावलांवर! पण मला तिथवर न्यायला कुणाला वेळ?

आणि मग त्या गोल चकत्या आल्या. कडा लालभडक, मध्ये साफ, आणि खाज अशी की माणूस भरल्या ताटावरून उठावा. आधी हंबीररावांच्या काखेत. ते छाती काढून सांगायचे, "ह्यो तालमीचा शिक्का हाय! मातीत घाम गाळल्याबिगर उमटत न्हाय."

शिक्का! अहो, गजकर्ण होतं ते! बुरशी! तो शिक्का मी आईच्या कमरेवर नेला, परकराची नाडी काचते तिथं. मग अनुजाच्या मांडीवर. माझ्याच अंगावरून गेला तो, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आई तर दाराआड येऊन मलाच कमरेवर खसाखसा घासायची, आणि बाहेरून हाक आली की पदर सारखा करून हसत जायची. दोन वर्षं! नवऱ्याला मिरवायला शिक्का आणि बायकोला झाकायला लाज. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

बरं, औषध आणलं नाही असंही नाही. हंबीररावांनी डॉक्टरला न दाखवताच मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, डाग बसला, ट्यूब फडताळात गेली. पंधरा दिवसांनी चकती दुप्पट होऊन हजर. पुन्हा तीच ट्यूब!

मॅडमनी अनुजाला सरळ उत्तर दिलं. "आईला सांगायचं, आणि लगेच डॉक्टरला. सर्दी झाल्यावर लाजता का गं?" मग शेजारच्या खोलीत नेऊन त्यांनी तिला तपासलं, आणि ट्यूबचं नाव ऐकून त्या भडकल्याच. "त्यात स्टेरॉइड आहे! खाज दबते, बुरशी पसरत राहते, वर कातडी पातळ होते. बुरशीचं औषध डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले आठवडे पुरे होईपर्यंत लावायचं. घरात ज्याला ज्याला असेल त्यानं एकाच वेळी. टॉवेल ज्याचा त्याला, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचा. अंग कोरडं ठेवायचं. आणि मी बरं झालं म्हणेपर्यंत कुस्ती बंद. उद्या आईपप्पांनाही घेऊन दवाखान्यात ये."

"पण मॅडम, रविवारी माझी निवड चाचणी हाय," अनुजा म्हणाली. वर्षभर तिनं त्या एका कुस्तीसाठी घाम गाळला होता. तो मीच टिपला होता.

संध्याकाळी हंबीररावांनी सगळं ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला. "त्यात काय? चार दिस ट्यूब लाव. डाग बसतोय. कुस्तीआधी अंग तपासणाऱ्याला दिसतंय कुठं?"

मला हात असते तर, मित्रांनो! मला हात असते तर! पण मी पडलो टॉवेल, म्हणून तुम्हालाच सांगतो. तुमच्या न्हाणीत माझ्यासारखा कुणी ओला लोंबत असेल तर आत्ता उठा आणि त्याला उन्हात टाका. आणि आईला एकदा विचारा, कुठं खाजतंय का म्हणून. ती आपणहून सांगणार नाही.

अनुजानं मला खिळ्यावरून ओढलं आणि वाफाळत्या पाण्याच्या बादलीत बुडवलं. मग ओल्या हातांनी आईपप्पांसमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, मी रविवारी खेळणार न्हाय. वस्तादांना फोन करून सांगून टाकलंय, गजकर्ण झालंय म्हणून. समोरच्या पोरीला मी हे देणार न्हाय. आणि आई, उद्या दवाखान्यात पहिल्यांदा तू आत जायचंस. तुझ्या कमरेवरचं मी बघितलंय."