पोटभर, चारशे नव्व्याण्णवात

आमच्या गावात माणूस माणसाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पोट भरलं का?" सकाळी समुद्राच्या बांधावर विचारतील, बाजारात विचारतील, मयताला जमले तरी विचारतील. आणि पोटात कावळे ओरडत असले तरी उत्तर एकच, "भरलं, भरलं." त्यामुळे फोनच्या कंपनीनं आपल्या नव्या योजनेला 'पोटभर' म्हटलं तेव्हा आमची माणसं लगेच विरघळली. महिन्याला चारशे नव्व्याण्णव युआन द्यायचे आणि इंटरनेट हवं तेवढं खायचं. आधी त्याच कंपनीला आम्ही दुपटीहून जास्त मोजत होतो. दुसऱ्या कंपनीनं भाव पाडला म्हणून हिनं पाडला, हिनं पाडला म्हणून तिसरीनं. आणि मुहूर्त कुठला, तर मदर्स डेचा. मेल्यांना आईची आठवण तेव्हाच झाली.

तिकडे तायपेईत म्हणे लोक दुकानांबाहेर स्टुलं टाकून बसले होते. आमच्या गावानं तर मंदिराची यात्रेची बसच काढली. दर्यावर राखणाऱ्या माझू देवीच्या यात्रेला येत नाहीत तेवढी माणसं त्या बसमध्ये कोंबून बसली होती. तीस महिन्यांच्या करारावर सह्या करताना कुणी एक ओळ वाचली नाही. मीही नाही वाचली. स्वस्त आहे हे दिसायला चष्मा कशाला लागतो?

माझी सून पेइ-शान मात्र त्या बसमध्ये हौसेनं आली नव्हती. माझा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हा नातू, यान-यान, जेमतेम चार वर्षांचा होता. सगळं गाव म्हणत होतं, ही पोरगी आता इथं राहत नाही, उत्तरेला ताओयुआनच्या कारखान्यांत लागेल आणि पोराला घेऊन जाईल. मलाही तीच धास्ती होती. मुलगा गेला तो गेला, आता नातूही जाणार, या विचारानं मला घास उतरत नसे.

पण पोरीनं डोकं चालवलं. आमचा धंदा कालवांचा. माझा नवरा खाडीतल्या बांबूंवरून कालवं काढून आणतो, मी त्यांचे शिंपले फोडते. आजवर दलाल यायचा आणि नाक मुरडत पडेल भावात उचलून न्यायचा. पेइ-शाननं अंगणात दिवा टांगला, फोन तिकाटण्यावर लावला आणि रोज संध्याकाळी लाइव्ह बसून थेट तायपेईच्या गिऱ्हाइकांना विकायला लागली. "अहो ताई, बघा हे कालव! तुमच्या नवऱ्याच्या पगारापेक्षा टपोरं आहे! घेताय की दुसरीला देऊ?" काय ती जीभ! मी पाठीमागे बसून कालवं फोडत हसायचे. मध्येच यान-यान कॅमेऱ्यात तोंड घुसवायचा आणि ओरडायचा, "पोट भरलं का?" की लागलीच समोरून ऑर्डरी सुरू. गिऱ्हाइकं त्याच्यासाठीच यायची, खोटं कशाला बोलू.

जुन्या भावात असं तासन्‌तास बोलणं परवडलंच नसतं. घरात टेलिफोनची तार होती, पण खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली. तिच्यावर साधं बोलणंही खरखरत यायचं. सगळा डोलारा उभा होता तो त्या चारशे नव्व्याण्णववर. दुसऱ्या वर्षी पेइ-शाननं मोठा डीप फ्रीझर घेतला आणि यान-यानला गावातल्याच बालवाडीत घातलं. त्या दिवशी मी देवीपुढे संत्री ठेवून आले. आता ही जात नाही, असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्याच हिवाळ्यात कंपनीचे जुआंगसाहेब आले. गोड माणूस. अननसाच्या वड्यांचा डबा घेऊन आले, सगळ्यांना दोन्ही हातांनी कार्ड दिलं, आणि माझ्या अंगणात बसून कालवांचं सूप प्याले. काम होतं मंदिराकडे. कंपनीचा टॉवर मंदिराच्या स्वयंपाकघराच्या छपरावर होता, पाण्याच्या खोट्या टाकीत लपवलेला. टॉवर उघडा दिसला की आमचे लोक निषेधाची फडकी लावतात, म्हणून तो टाकीत. टाकीत पाणी नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण डोळ्यांना दिसत नव्हतं तोवर कुणाचं डोकंही दुखत नव्हतं. त्या जागेच्या भाड्याचा करार संपत आला होता.

"काकू, तुमची सूनबाई म्हणजे कमाल आहे हो," जुआंग सूप फुंकत म्हणाले. "आमच्या ऑफिसात तिचं नाव निघतं."

मी फुशारले. "बघतात का तिथले साहेब लाइव्ह?"

"लाइव्ह नाही, आकडे बघतात. ती आणि तिचं बघून लाइव्ह बसायला लागलेल्या गावातल्या चार-पाच जणी मिळून जेवढं खातात ना, तेवढं तायनान शहरातला एक अख्खा मोहल्ला खात नाही. आणि देतात किती? चारशे नव्व्याण्णव."

"मग पोटभर म्हणालात कशाला? आम्ही काय कॉलर धरून मागितलं होतं?"

ते हसले. "काकू, पोटभर जेवणाच्या हॉटेलात मालक कोणाच्या जिवावर जगतो? अर्धपोटी उठणाऱ्यांच्या. शहरात तसले पुष्कळ आहेत, भरतात पूर्ण आणि दिवसभर ऑफिसातलं फुकटचं वापरतात. तुमच्या गावात एकही नाही. वर टॉवरची वीज, भाडं, खाऱ्या हवेनं दर वर्षी गंजणारे डबे. आधी तुम्ही हजार-बाराशे देत होतात तेव्हा कसंबसं जुळत होतं."

"मग वाढवा भाव."

"वाढवला तर शहरातली गिऱ्हाइकं दुसऱ्या कंपनीत जातील. सगळ्यांनी एकमेकांचे गळे धरलेत, काकू. पहिला कोण सोडणार?" आणि वाटी पुढे करून म्हणाले, "अजून थोडं मिळेल का?"

मी वाढलं. त्यांचं खरंच वाटलं मला. हसऱ्या माणसाचं खरं वाटतं, हीच तर माती खाल्ली आम्ही.

मंदिरात जाऊन साहेबांनी भाडं निम्मं करायचं म्हटलं. अध्यक्ष भडकले. या कंपन्या आपल्या जिवावर गबर झाल्यात, असं त्यांचं ठाम मत. "निम्मं? ही देवीची जागा आहे, भाजीबाजार नाही! वाढवून द्या, नाहीतर उचला तुमची टाकी!" कुणीतरी लगेच म्हणालं, त्या टाकीमुळेच हल्ली गावाला झोप नाही. दुसरा म्हणाला, माझ्या मेव्हण्याचा कॅन्सरही त्यामुळेच. मेव्हणा राहायचा दूर काउश्युंगला, पण बोलायला काय जातं?

जुआंगसाहेबांनी हात जोडले. "आम्ही कोण ठरवणार? देवीच्या छपरावर बसलोय, तर देवीलाच विचारूया."

बस्स. इथं आमची माणसं चितपट. देवीला विचारायचं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आणि कौल लावायचा मान कुणाचा, तर त्या वर्षीच्या मानकऱ्याचा, म्हणजे आमच्या तोंग-हायचा. माझा नवरा. आमच्याकडे बायका नवऱ्याला लाडानं 'म्हातारं माकड' म्हणतात. त्या दिवसापासून मी लाडानं म्हणत नाही.

घरी निघताना पेइ-शाननं विचारलंच, "बाबा, टॉवर गेला तर रेंज कुठून येणार?"

"आकाशातून!" म्हातारं माकड ऐटीत म्हणालं. "रेंज काय छपरावर पिकते? आणि जातोय कुठं तो? इथून उठेल आणि बांधावर मच्छीमार सोसायटीच्या इमारतीवर बसेल. त्यांनाही गिऱ्हाईक हवंच ना?"

"तसं कबूल केलंय त्यांनी?"

"देवीसमोर माणूस दगा देतो का? काहीतरीच तुझं!"

प्रश्न काय विचारायचा तेही जुआंगसाहेबांनीच नम्रपणे सुचवलं. देवी हो किंवा नाही एवढंच सांगते, तेव्हा सोपं, सरळ विचारावं. आमच्या माकडानं लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरी कपाळाला लावल्या आणि मोठ्यानं म्हटलं, "माझू आई, या टॉवरनं तुझं छप्पर सोडावं का?" एक कोर पालथी, एक उताणी. म्हणजे हो. परत टाकल्या, हो. तिसऱ्यांदा टाकल्या, हो. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. जुआंगसाहेबांनी सगळ्यांत खाली वाकून नमस्कार केला आणि दानपेटीत जाड लाल पाकीट टाकलं. अध्यक्षांना वाटलं, कंपनी हरली.

आठवड्याच्या आत ट्रक आला आणि टाकी घेऊन गेला. बांधाकडे वळलाच नाही. सरळ हमरस्त्याला लागला.

आमच्या माकडानं साहेबांना फोन लावला. लागेना. मग खरखरत्या तारेवरून लावला. साहेब तितक्याच गोडीनं म्हणाले, "काका, देवीनं सोड म्हटलं, आम्ही सोडलं. कुठं बसायचं ते तुम्ही विचारलंत का? आम्ही होऊन टॉवर काढला असता तर सरकारनं आम्हालाच जाब विचारला असता. गावाची आणि देवीची इच्छा म्हटल्यावर आता कुणाची हरकत नाही. तुमच्या अध्यक्षांची सही आहे कागदावर."

सांगा आता काय बोलायचं! देवीला कुठल्या तोंडानं बोल लावायचा? तिनं विचारलं त्याचंच उत्तर दिलं. अक्कल विचारणाऱ्याची.

दुसऱ्या कंपन्यांची रेंज आमच्या बाजूला कधीच पोचली नव्हती. आम्ही करार मोडायला गेलो तर दुकानातली मुलगी म्हणाली, तपासणी करावी लागेल. एक माणूस यंत्र घेऊन आला, वाऱ्यात बांधाच्या टोकाला उभा राहिला, तिथं कुठूनतरी रेंजची एक काडी आली, आणि त्यानं लिहिलं: 'घराबाहेर सेवा उपलब्ध.' मुदतीआधी सोडलं तर दंड. म्हणजे पोटभरचं ताट समोर, वाढणारा पळालेला, आणि उठायचं तर दंड भरा.

पेइ-शान हरली नाही लगेच. तिनं दिवा, तिकाटणं, बर्फाच्या पेट्या सगळं स्कूटरवर लादलं आणि बांधाच्या टोकावर जाऊन बसली. मी मागून छत्री धरून उभी. वारा असा की शब्द तोंडातून निघताच चीनला पोचावा. "हे बघा टपोरं..." म्हणेपर्यंत चित्र गोठायचं. गिऱ्हाइकं लिहायची, ताई, दिसत नाही. ताई, ऐकू येत नाही. मग लिहिणंच बंद झालं. यान-यान ओरडायचा, "पोट भरलं का?" आणि समोर कुणी नसायचं. थोड्याच दिवसांत दलाल अंगणात आला, नाक मुरडत, आणि आधीपेक्षा कमी भाव बोलला. म्हाताऱ्यानं मान खाली घालून माल दिला.

त्या संध्याकाळी पेइ-शाननं फ्रीझरची तार काढली. मी समजले.

"आई, ताओयुआनला माझी मावसबहीण आहे. मालाच्या गोदामात काम आहे. फ्रीझरचे हप्ते अजून बाकी आहेत."

"यान-यानला ठेव इथं."

"आई."

"शाळा आहे इथं! मी आहे! काय कमी आहे त्याला?"

तिनं त्याचं निळं दप्तर भरायला घेतलं. पोराला आईपासून तोडायला निघाले होते मी. मग मीच उठले आणि आत जाऊन तिच्यासाठी कालवं डब्यात भरायला लागले.

जायच्या दिवशी ती माझा फोन हातात घेऊन बसली आणि व्हिडिओ कॉल कसा घ्यायचा ते शिकवलं. "रोज करेन, आई," म्हणाली. कुठे करणार होती? दोघींनाही ठाऊक होतं. यान-यान बसच्या काचेतून हात हलवत होता. म्हातारं माकड बस दिसेनाशी झाल्यावर घरी आलंच नाही, तडक मंदिरात गेलं. मी मागोमाग गेले. गुडघे टेकून ते विचारत होतं, "माझू आई, टॉवर परत येईल का?" कोरी टाकल्या. दोन्ही उताण्या पडल्या. परत टाकल्या, परत दोन्ही उताण्या. तसं पडलं की देवी हसली म्हणतात.

"हसणार नाही तर काय करेल?" मी म्हटलं. "तुझं तोंड बघून दगडही हसेल!" तो रडत होता. मला कीव आली, पण जवळ गेले नाही.

आता मी स्कूटर काढते आणि हमरस्त्याच्या चौकात सुपारीच्या टपरीपाशी जाऊन उभी राहते. तिथं थोडी रेंज येते. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या तिथंच असतात, हात वर करून, एकमेकींना ढकलत. "ए, सरक की, माझी मुलगी लागलीये!" दर महिन्याला सगळ्या जणी चारशे नव्व्याण्णव भरतात. कराराचे महिने अजून संपायचेत.

परवा मदर्स डे होता. टपरीपाशी जत्रा. कितीतरी वेळ फोन धरून उभी होते, तेव्हा कुठं यान-यान दिसला. पुढचा दात पडलाय त्याचा. गाल उतरलेत. मागे पत्र्याचं कपाट, गावात घेतलेलं निळं दप्तर. मला, आपल्या आमाला, बघून त्यानं तोंड हे एवढं उघडलं आणि जोरात ओरडला, "आमा, पोट भरलं का?"

आणि चित्र गोठलं. तोंड तसंच उघडं.

मी म्हटलं, "भरलं रे, भरलं." दोनदा म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही.