हळदीच्या पाण्यातला चोर

शनिवारी सकाळी गंगेच्या घाटावर एका परातीभोवती एकशे चाळीस माणसं जमली होती. मोजली म्हणून सांगतो. त्यांतली दहा-बारा परात पाहायला आली असतील. बाकीची चोर पाहायला.

परातीत हळदीचं पाणी, आणि परातीमागे भगव्या कफनीतले हळद्याबाबा. मंगळवारी आमच्या भद्रकालीच्या गल्लीतल्या वत्सलाबाईंची मोत्यांची नथ नाहीशी झाली होती. ती कुणी नेली, हे बाबा पाण्याकडून वदवून घेणार होते.

"खऱ्याला पिवळं, खोट्याला लाल! गंगामाय कुणाचं ऐकत नाय, कुणाला सोडत नाय! या रे लेकरांनो, बुडी मारा, वल्या अंगानं या!"

लेकरं गंगेत बुड्या मारून रांगेला लागली. निम्मी लेकरं बाबांपेक्षा वयानं मोठी होती. एकेक हात परातीत जाई, पिवळा होऊन बाहेर येई, आणि हाताचा मालक असा छाती काढून चाले की प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट त्याला आजच मिळालं असावं.

मग बाबांनी डोळे मिटले. "मंगळवारी त्या घरात परकं कोण होतं?"

हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दसरा तोंडावर आलेला, वत्सलाबाईंच्या भिंतींना चुना देण्याचं काम चाललेलं, आणि ते काम पुंजाचं.

"असंल तसा आणा त्याला! मायेच्या बोलावण्याला हात धुवायची सवड नसते!"

दोघांनी पुंजाला शिडीवरून उतरवून आणलं. कोपरापर्यंत पांढराफटक. "म्या नाय घेतली, बाबा. पोरांची आन," असं तो म्हणतोय तोवर बाबांनी त्याचा हात पाण्यात दाबला. बोटांभोवती पाणी लालभडक झालं.

"रगत! बया गं, रगत!" पहिली किंकाळी सावित्रीबाईंची. बाई पंचवटीत कुंकू करून विकतात.

सोमाशेठ गल्लीचे पंच. तंबाखू मळता मळता त्यांनी निकाल दिला, "उद्या दिवस मावळायच्या आत नथ आणून दे. नायतर बायकापोरं घेऊन गल्ली सोड."

पुंजाकडे नथ असती तर त्यानं तिथंच दिली असती. त्या रात्री त्याच्या घरी भांडी पोत्यात भरली जात होती.

रंगनाथ मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवतात. महिन्यातून एका रविवारी ते शाळेच्या पटांगणात टेबल मांडून लोकांना स्वतःच्या हातानं प्रयोग करायला बोलावतात. एरवी नऊ माणसं येतात, त्यांतली दोन सावलीला. या खेपेला मास्तरांनी शाळेच्या फाटकावर खडूनं लिहिलं, 'उद्याचा प्रयोग: चोर पकडणे. येताना आपापला हात आणावा.'

दोनशेच्या वर माणूस लोटला. हळद्याबाबाही आले, गर्दी दुसरीकडे जाऊ देणं त्यांच्या धंद्याला परवडणारं नव्हतं. पुंजा मात्र भिंतीला टेकून सारखा उन्हाकडे बघत होता.

मास्तरांनी परात मांडली. "हळद वत्सलाबाईंच्या घरची, पाणी शाळेच्या नळाचं. आज अंघोळ नको, हात धुणं नको. आहात तसे या. सोमाशेठ, पंच म्हणून पहिला मान तुमचा."

सोमाशेठनी ऐटीत हात बुडवला. तळव्याखालचं पाणी लाल झालं.

मग मागून आवाज आला, "शेठ, नथ कुठं ठिवली?"

पटांगण हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. पण रांग थांबेना. दर लाल हातानंतर मास्तर परातीतलं पाणी बदलत. तिसांतले अकरा हात लाल निघाले. त्यांत दहावा माझा. माझं हसू तिथंच आटोपलं.

"एवढे चोर आपल्या गल्लीत?" मास्तर म्हणाले. "लाल झालेल्यांनी एका बाजूला व्हा. आता सांगा, सकाळपासून तंबाखूला चुना कुणीकुणी लावला?"

आम्ही अकराही जणांनी एकेक करून हात वर केले.

"आणि सावित्रीबाई, काल तुम्ही रक्त म्हणून ओरडलात. घरी हळदीला खार चढवून कुंकू करता, तेव्हा ती लाल होते ना? तेव्हा ओरडता का?"

सावित्रीबाईंनी आधी डोक्याला हात लावला. मग त्या ताडकन उठल्या. "अगं बाई! हे तर माझं रोजचंच काम! खार काय अन् चुना काय, हळदीला दोन्ही सारखेच. वीस वर्सं झाली, अन् घाटावर अक्कल घरी ठिवून गेले मी!" आणि त्या थेट बाबांकडे वळल्या. "बाबा, पान खाता वाटतं? बोटाला चुना हाय तुमच्या."

"माय कोपेल, बाई! मी संन्यासी माणूस..."

"कोपू दे, मी समजावते तिला." कुंकू घोटून घोटून तयार झालेला तो हात, बाबांना सोडवता येईना. बोट पाण्यात गेलं. लाल!

मास्तरांनी त्याच बोटावर लिंबू पिळलं. लाल रंग जाऊन पुन्हा पिवळा आला. "पाप फिटलं, महाराज. एका लिंबात." हसण्याच्या त्या गोंधळात बाबा फाटकाबाहेर कधी पडले, ते कुणी पाहिलं नाही.

मग मास्तरांनी पुंजाला बोलावलं. साबणानं घासून, लिंबू चोळून त्याचे हात धुतले, ताज्या हळदीच्या पाण्यात बुडवले. पिवळे. काल हे हात धुवायची सवड बाबांनी का दिली नव्हती, ते आता सांगावं लागलं नाही.

"पण माझी नथ कुणी घेतली?" वत्सलाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

गर्दी नाराज झाली. एवढा प्रयोग केला आणि चोर नाही!

पुंजा सोमाशेठांपुढे उभा राहिला. "शेठ, गल्ली सोडू का ऱ्हाऊ?"

"ऱ्हा," शेठ हात धोतराला पुसत पुटपुटले.

"आन् बाई," पुंजा वत्सलाबाईंना म्हणाला, "काल तुमी माझी झडती घेतली असती, तर मला राग नव्हता. परातीची झडती कुणीच नाय घेतली."

नथ अजून सापडलेली नाही. हरवलेली वस्तू घरात शोधावी, कोनाड्यांत शोधावी, चौकीत वर्दी द्यावी. एवढं करूनही मिळाली नाही, तर 'माहीत नाही' म्हणावं. हे दोन शब्द तोंडातून निघेनात, म्हणून आम्ही एकशे चाळीस जण एका माणसाचं घर उठवायला निघालो होतो.